आधी गर्दी, मग गल्ला!

समाजमाध्यमांच्या कंपन्या कमाईचा मार्ग ठरण्यापूर्वीच दुकान का थाटतात, त्यातल्या काही कशा तरतात, काही का बुडतात आणि उशिरा मांडलेल्या या हिशेबाची पावती अखेर कोणाच्या नावाने फाटते, याचा ऊहापोह...

खानावळ काढणारा माणूस पहिली पंगत बसण्यापूर्वीच ताटाचा दर फळ्यावर लिहून ठेवतो. किराणा दुकानदार शटर वर करण्याआधी माल कोठून आणायचा, त्यात किती सुटतात आणि उधारी कोणाला द्यायची, हे मनाशी पक्के करतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे सूत्र मध्यमवर्गीय मराठी मनात इतके मुरलेले आहे की, उत्पन्नाचा पत्ता नसताना कोणी लाखो लोकांना रोज फुकट जेवू घालतो असे ऐकले, तर त्याला दानशूर म्हणावे की वेडा, एवढाच प्रश्न उरतो. समाजमाध्यमांच्या व्यवसायात मात्र गेली वीसेक वर्षे नेमके हेच चालत आले आहे, आणि हा व्यवसाय करणारे दानशूरही नाहीत आणि वेडेही नाहीत.

या पद्धतीची कडू फळे भारताने अलीकडेच चाखली. बंगळुरूच्या ‘कू’ या कंपनीने जुलै २०२४ मध्ये आपली सेवा बंद करीत असल्याचे जाहीर केले. ट्विटरला देशी पर्याय म्हणून २०२० साली सुरू झालेल्या या माध्यमावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिता येत होते. २०२१ च्या फेब्रुवारीत शेतकरी आंदोलनाच्या काळात केंद्र सरकार आणि ट्विटर यांच्यात खटका उडाला, तेव्हा केंद्रीय मंत्र्यांनी ‘कू’वर खाती उघडली आणि एका रात्रीत हे नाव घरोघरी पोहोचले. सहा कोटींहून अधिक वेळा ते उतरवून घेतले गेले. ऐन भरात असताना त्यावर दररोज सुमारे एकवीस लाख लोक हजेरी लावत. टायगर ग्लोबलसारख्या बड्या गुंतवणूकदारांचा पैसा पाठीशी होता. तरीही चार वर्षांत खेळ आटोपला. अनेक मोठ्या कंपन्यांशी भागीदारीची बोलणी झाली, पण ती फिसकटली, आणि असे माध्यम चालू ठेवण्यासाठी लागणाऱ्या तांत्रिक सेवांचा खर्च मोठा आहे, असे संस्थापकांनी निरोपाच्या निवेदनात सांगितले. गर्दी जमली होती. गल्ला मात्र भरण्याइतका वेळ उरला नव्हता.

मग प्रश्न असा की, शहाणीसुरती माणसे असा उफराटा व्यवहार का करतात? त्याचे उत्तर शोधण्यासाठी ज्या कंपनीच्या पावलावर पाऊल टाकून ‘कू’ निघाली, त्या ट्विटरची जन्मकथा पाहणे उपयोगाचे ठरेल.

ट्विटर : आधी पक्षी, मग पिंजरा

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘ओडिओ’ नावाची एक छोटी कंपनी होती. इंटरनेटवरून ध्वनिमुद्रित कार्यक्रम ऐकवणे, म्हणजे पॉडकास्ट, हा तिचा धंदा. २००५ साली ॲपलने आपल्या आयट्यून्समध्येच पॉडकास्टची सोय करून टाकली आणि ओडिओच्या पायाखालची वाळू सरकली. पुढे काय करायचे, याचा शोध सुरू असताना जॅक डॉर्सी, नोआ ग्लास, बिझ स्टोन आणि इव्हान विल्यम्स यांच्या चमूतून एक कल्पना पुढे आली : आपण या क्षणी काय करीत आहोत, हे एका एसएमएसमधून सर्व मित्रांना कळवता आले तर? २१ मार्च २००६ रोजी डॉर्सी यांनी पहिला संदेश पाठवला आणि त्याच वर्षी जुलैत ही सेवा सर्वांसाठी खुली झाली. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची. त्यातली वीस नावासाठी राखून ठेवली आणि उरली ती सुप्रसिद्ध १४० अक्षरे.

या सेवेतून पैसा कसा मिळणार, याचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. २००६ च्या अखेरीस विल्यम्स यांनी ओडिओच्या गुंतवणूकदारांना त्यांचे पैसे परत करून कंपनी आपल्याकडे घेतली, आणि ट्विटरही त्या व्यवहारातच आले. मार्च २००७ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे भरणाऱ्या ‘साउथ बाय साउथवेस्ट’ या महोत्सवात ट्विटरने मोठे पडदे लावून त्यावर उपस्थितांचे संदेश झळकवले. दिवसाला वीस हजार असलेली संदेशांची संख्या त्या काळात साठ हजारांवर गेली आणि गाडी भरधाव सुटली.

गाडी सुटली, पण इंधनाचा खर्च वाढत चालला होता. प्रत्येक एसएमएसचे पैसे दूरसंचार कंपन्यांना ट्विटरनेच मोजायचे होते. ऑगस्ट २००८ मध्ये कंपनीला ब्रिटनसह अनेक देशांतील एसएमएस सेवा थांबवावी लागली. अमेरिका, कॅनडा आणि भारत वगळता इतरत्र ही सेवा चालू ठेवायची, तर एका सदस्यामागे वर्षाला सुमारे एक हजार डॉलर खर्च येऊ शकतो, असा हिशेब कंपनीने तेव्हा दिला होता. उत्पन्न शून्य असलेल्या कंपनीला सदस्य जितका उत्साही, तितका तो महाग! त्यातच वाढत्या गर्दीचा भार न पेलवल्याने सेवा वारंवार कोलमडत असे आणि पक्ष्यांनी दोरांवर उचललेल्या देवमाशाचे चित्र पडद्यावर येई. ते चित्रही इतके लोकप्रिय झाले की, लोक त्याला प्रेमाने ‘फेल व्हेल’ म्हणू लागले.

असे असूनही २००८ साली फेसबुकने पुढे केलेला सुमारे पन्नास कोटी डॉलरचा प्रस्ताव ट्विटरने नाकारला. सप्टेंबर २००९ मध्ये, म्हणजे सांगण्यासारखे उत्पन्न नसतानाच, गुंतवणूकदारांनी या कंपनीचे मोल एक अब्ज डॉलर ठरवून दहा कोटी डॉलर ओतले. त्यानंतर गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी संदेशांचा साठा आपल्या शोधयंत्रांत दाखवण्यासाठी करार केले. आणि एप्रिल २०१० मध्ये, स्थापनेनंतर चार वर्षांनी, पैसे देऊन पुढे आणलेले संदेश, म्हणजेच जाहिराती, सुरू झाल्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये समभाग बाजारात आले तेव्हाही कंपनी तोट्यातच होती. पूर्ण वर्षाचा पहिला नफा दिसला तो २०१८ साली. पहिल्या संदेशापासून बारा वर्षे झाली होती.

प्रवेशशुल्क का नको?

हा प्रवास वाचून ‘पहिल्याच दिवशी दहा-वीस रुपये घेतले असते तर?’ असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर गर्दीच्या गणितात दडलेले आहे. गावात एकाच घरी टेलिफोन असेल, तर तो निव्वळ शोभेची वस्तू असतो. दहा घरी असेल तर आपापसांत ४५ जोड्या जमतात, शंभर घरी ४,९५० आणि हजार घरी ४ लाख ९९ हजार ५००. घरे शंभरपट झाली की जोड्या दहा हजारपटींहून अधिक होतात. सगळ्याच जोड्या सारख्या कामाच्या नसतात हे खरे. तरीही समाजमाध्यमात विकण्याजोगे जे काही असते, ते कंपनीच्या संगणकात नसून सदस्यांच्या आपापसांतील संबंधांत असते. सुरुवातीला सदस्यच नसतात, त्यामुळे विकण्याजोगे काही नसते. अशा रिकाम्या सभागृहाच्या दारात तिकीट खिडकी उघडली तर आत कोण शिरणार?

हा प्रयोगही होऊन गेलेला आहे. २०१२ साली अमेरिकेत ‘ॲप डॉट नेट’ नावाची सेवा निघाली. जाहिराती नकोत, सदस्यांची माहिती विकणे नको. वर्षाला पन्नास डॉलर द्या आणि ट्विटरसारखी सेवा स्वच्छपणे वापरा, असा तिचा रोखठोक प्रस्ताव होता. पाठीराख्यांकडून आगाऊ पाच लाखांहून अधिक डॉलरही जमले. म्हणजे व्यवसायाचे गणित पहिल्या दिवसापासून तयार होते. पण पैसे भरून आलेल्या माणसाला तेथे आपले आप्तेष्ट भेटेनात. ते सारे फुकटच्या मांडवात बसले होते. २०१४ मध्ये नूतनीकरणाचे पैसे कर्मचारी पोसण्याइतके आले नाहीत आणि मार्च २०१७ मध्ये सेवा बंद झाली.

दुसरे कारण असे की, आपण नेमके काय बनवले आहे हे संस्थापकांनाच आरंभी ठाऊक नसते. ट्विटरवर शब्दाआधी ‘हॅश’ची खूण लावून विषय जोडण्याची सूचना ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना या वापरकर्त्याने केली, दुसऱ्याचा संदेश पुढे पाठवण्याची प्रथाही सदस्यांनीच पाडली. मित्रांना खुशाली कळवण्यासाठी निघालेली सेवा हळूहळू बातम्यांचा चावडीकट्टा बनली. पहिल्या दिवशी ‘खुशाली’ची किंमत ठरवून कंपनी बसली असती, तर पुढे जे खरोखर विकले गेले, त्या ‘चर्चेतील विषयां’पर्यंत ती पोहोचलीही नसती.

दुसऱ्याचा पैसा, स्वतःची घाई

अर्थात, तोपर्यंतचा खर्च कोणीतरी सोसावाच लागतो. तो सोसणाऱ्याला व्हेंचर कॅपिटल म्हणतात. निवृत्तिवेतन निधी, विद्यापीठांचे राखीव निधी, धनाढ्य कुटुंबे यांच्याकडून पैसा गोळा करून तो नवजात कंपन्यांत गुंतवणे हा या मंडळींचा व्यवसाय. त्यातल्या बहुतेक कंपन्या बुडतील, हे त्यांनी गृहीतच धरलेले असते. एखादीच अशी निघते की बाकी सर्वांचे नुकसान भरून वर काही उरते. सिकोया कॅपिटलने व्हॉट्सॲपमध्ये सुमारे सहा कोटी डॉलर घातले होते. २०१४ च्या विक्रीत त्या हिश्शाचे मोल सुमारे तीन अब्ज डॉलर झाले. असे एक उदाहरण घडले की शंभर जणांना उत्पन्नाविना उडी मारण्याचे बळ येते.

त्यात काळही अनुकूल होता. डिसेंबर २००८ पासून सात वर्षे अमेरिकेतील मूळ व्याजदर जवळजवळ शून्यावर होते आणि २०२० च्या मार्चमध्ये ते पुन्हा तेथेच आले. बँकेत ठेवून काही मिळत नसेल, तर पैसा साहसाकडे वळतो. ‘कू’ वाढली ती याच सुकाळात. मार्च २०२२ पासून व्याजदर चढू लागले, २०२३ मध्ये ते पाच टक्क्यांच्या वर गेले आणि ‘आधी गर्दी जमवा, गल्ल्याचे नंतर पाहू’ म्हणणारेच गुंतवणूकदार ताळेबंद मागू लागले. कमाईचे प्रयोग अर्ध्यावर असतानाच ओहोटी लागली. ट्विटरला जी बारा वर्षे मिळाली, ती ‘कू’ला मिळाली नाहीत.

ज्याची खावी पोळी...

या कथेची दुसरी बाजू सदस्यांची आहे. उत्पन्नाचा मार्ग उशिरा ठरला म्हणजे तो सदस्यांना विचारून ठरतो असे नाही. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ हा न्याय येथे अचूक लागू पडतो, आणि पोळी वाढणारा बदलला की टाळीची दिशाही बदलते.

व्हॉट्सॲपचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २००९ साली जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी सुरू केलेल्या या सेवेचा जाहिरातींना ठाम विरोध होता. पहिल्या वर्षानंतर वर्षाला एक डॉलर, एवढाच तिचा साधा हिशेब. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरना ती विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा ४५ कोटी सदस्यांसाठी अवघी ५५ माणसे तेथे काम करीत होती. जानेवारी २०१६ मध्ये तो एक डॉलरही माफ झाला. सदस्यांना आनंद झाला; परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक फेसबुकशी जोडण्याची वाट मोकळी करणारी नवी नियमावली आली. खरेदीच्या वेळी अशी जोडणी शक्य नसल्याचे सांगून दिशाभूल केल्याबद्दल युरोपीय आयोगाने मे २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला. ॲक्टन २०१७ मध्ये आणि कूम २०१८ मध्ये बाहेर पडले. भारतात २०२१ च्या नव्या अटींवरून गदारोळ झाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यावर पुढे अपिलेही झाली. जून २०२५ मध्ये तर व्हॉट्सॲपच्या ‘अपडेट्स’ विभागात जाहिराती आणण्याची घोषणा झाली. आरंभीचे वचन कोणी एका दिवसात मोडले नाही. ज्या उत्पन्नावर ते उभे होते, ते काढून घेतल्यावर ते हळूहळू झिजत गेले.

खुद्द फेसबुकलाही याचा अनुभव आला होता. नोव्हेंबर २००७ मध्ये जाहिरातींची नवी योजना मांडताना तिने ‘बीकन’ ही सोय आणली. सदस्याने अन्य संकेतस्थळावर केलेल्या खरेदीची वार्ता त्याच्या मित्रांना आपोआप कळू लागली. एखाद्याने गुपचूप घेतलेली भेटवस्तू, जिला द्यायची तिलाच आधी समजावी, असा हा प्रकार. सदस्य खवळले, खटला भरला गेला आणि २००९ मध्ये ९५ लाख डॉलरच्या तडजोडीसह बीकन गुंडाळावे लागले.

तीन रुपयांचे गणित

हे सारे मराठीच्या अंगणात आणून पाहिले, तर पेच अधिक अवघड होतो. समजा, केवळ मराठीसाठी एक समाजमाध्यम निघाले आणि त्याला दहा लाख सदस्य मिळाले. निव्वळ समजण्यासाठी असे धरू की, सर्व्हर, पडताळणीचे एसएमएस, शिवीगाळ आणि खोट्या मजकुरावरील देखरेख व पगार मिळून एका सदस्यामागे महिना तीन रुपये लागतात. म्हणजे खर्च तीस लाख. जाहिरातदार हजार दर्शनांना वीस रुपये देतो आणि सदस्य महिन्यात पन्नास जाहिराती पाहतो, असे मानले तर दरडोई मिळकत एक रुपया, म्हणजे एकूण दहा लाख. तूट वीस लाखांची. हातात दोन कोटींचे भांडवल असेल तर दहा महिन्यांत तळ दिसतो.

ही तूट भरून काढायची तर प्रत्येकाने पन्नासऐवजी दीडशे जाहिराती पाहायला हव्यात. त्यासाठी तो अधिक वेळ थांबायला हवा. त्याला थांबवण्यासाठी मजकुराची यादी कधीच संपता कामा नये, आणि जे वाचून माणूस भडकतो वा हळहळतो, ते वर आले पाहिजे. अंतहीन पडदा आणि चिथावणीखोर मजकूर यांचे मूळ पुष्कळदा येथे, दरडोई दोन रुपयांच्या तुटीत असते. पैसा कसा मिळवायचा हे आधी ठरले असते, तर कदाचित माध्यमाची रचनाही वेगळी झाली असती.

शिवाय जाहिरातदार सर्व सदस्यांना एकाच दराने मोजत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ या तिमाहीत फेसबुकला अमेरिका-कॅनडातील एका सदस्यामागे ६८ डॉलरहून अधिक उत्पन्न मिळाले. भारताचा समावेश असलेल्या आशिया-प्रशांत विभागात तोच आकडा साडेपाच डॉलरच्या आसपास होता. म्हणजे बारापटींचे अंतर. सिलिकॉन व्हॅलीतील कंपनी जी चूक पचवू शकते, ती पुण्या-बंगळुरूची कंपनी पचवू शकेलच असे नाही. तेथील यशकथा येथे जशाच्या तशा गिरवण्यातला धोका या आकड्यात आहे.

मधला मार्ग

मग उत्पन्नाचा संपूर्ण आराखडा हाती येईपर्यंत कोणी काही सुरूच करू नये काय? तसे नव्हे. आराखडा ‘पुढे ढकलणे’ आणि तो ‘मुळातच नसणे’ यांत फरक आहे. मे २००३ मध्ये सुरू झालेल्या लिंक्डइनने सदस्यांना दार फुकट उघडे ठेवले. परंतु नोकरीधंद्यासाठी एकत्र आलेल्या या गर्दीपर्यंत पोहोचण्यासाठी कंपन्यांचे भरती विभाग पैसे मोजतील, हे तिच्या स्वरूपातच होते. २००५ मध्ये नोकऱ्यांच्या जाहिराती आणि सशुल्क सदस्यत्व सुरू झाले, २००६ मध्ये कंपनी नफ्यात आली आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६ अब्ज डॉलरहून अधिक मोजून ती घेतली. दर नंतर ठरले, पण पैसे कोण देऊ शकेल याची अटकळ आधीपासून होती.

उलट, ट्विटरला हे कोडे अखेरपर्यंत नीट सुटले नाही. २०२१ साली तिचे सुमारे नव्वद टक्के उत्पन्न एकट्या जाहिरातींचे होते आणि तरीही वर्ष तोट्यात गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ती घेतली आणि महिनाभरात निळ्या खुणेसाठी दरमहा आठ डॉलर आकारण्यास सुरुवात केली. तोवर जी खूण ओळख पटल्याची मानली जात होती, ती आता शुल्क भरल्याची झाली. तोतया खात्यांचा सुळसुळाट झाल्याने योजना काही काळ थांबवावीही लागली. जन्मानंतर सोळा वर्षांनी कंपनी पुन्हा पहिल्याच प्रश्नापाशी उभी होती : पैसे कोणाकडून घ्यायचे?

नव्या उद्योजकाने म्हणूनच पहिल्या दिवशी दरपत्रक नाही छापले तरी चालेल. पण तीन आकडे वहीत लिहिलेले असावेत. एका सदस्यामागे महिन्याला खर्च किती, हातातला पैसा किती महिने पुरणार, आणि उद्या पैसे देऊ शकेल असा निदान एक गट कोणता. चौथी नोंद आकड्यांत मावणारी नाही : पैशाची ओढाताण झाली तरी सदस्यांची कोणती गोष्ट विकायची नाही. ही नोंद कंपनी लहान असताना करणे सोपे असते; गुंतवणूकदारांच्या बैठकीत तोट्याचा ताळेबंद समोर असताना ती कोणी करू देत नाही.

आणि सदस्यांनी? ‘कू’ बंद झाली तेव्हा तेथे जमवलेले अनुयायी आणि जुळलेली ओळखपाळख दुसरीकडे उचलून नेण्याची सोय नव्हती. २०१४ च्या सप्टेंबरअखेर गुगलने ऑर्कुट बंद केले, तेव्हाही त्या पिढीच्या मैत्रीच्या नोंदी अशाच विखुरल्या. नव्या माध्यमावर खाते उघडताना फुकट काय मिळते हे प्रत्येक जण पाहतो. आपले लिखाण, छायाचित्रे आणि माणसांचे पत्ते तेथून परत उतरवून घेता येतात काय, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. आणि ती पाच मिनिटे खाते उघडण्याच्या दिवशीच काढलेली बरी.